फॉर्मवरचा आठ

डॉक्टर लिंडक्विस्टच्या दवाखान्यात फॉर्म भरताना
एक ओळ आली: कुत्रा दिवसातून किती तास बंद असतो?
मी आठ लिहिलं.
पेन अडखळलंही नाही.

आम्ही त्याला क्रेट म्हणतो.
पिंजरा म्हटलं की माणूस लगेच वाईट ठरतो.
क्रेटमध्ये जुनी रजई आहे, रबराचं हाड आहे,
कर्टिसचा एक मोजा आहे, जो न्यायला कर्टिस आला नाही.

आणि कारण आहे. सांगते.
मागच्या मार्चमध्ये ऑटोनं दाराची चौकट खाल्ली,
अक्षरशः खाल्ली, बिजागरीपर्यंत.
घरमालकानं अनामतीतून तीनशे डॉलर कापले,
म्हणाला, पुढच्या वेळी कुत्रा तरी जाईल नाहीतर तू.
दुसऱ्याच दिवशी क्रेट आणला. सेलमध्ये.
खोक्यावरच्या चित्रातला कुत्रा हसत होता.

डॉक्टरांनी ऑटोचा ओठ अंगठ्यानं वर केला,
टॉर्च लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "हे सुळे बघ, रेनाटा.
मागच्या बाजूनं झिजलेत.
हाड चघळून असे झिजत नाहीत. तार चावून झिजतात."

म्हणजे मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात
चादरींच्या घड्या घालत होते तेव्हा
हा घरी दाताच्या कण्या करून सांगत होता
आणि ऐकायला फक्त फ्रिज.

त्यांनी फॉर्मवरचा आठ पाहिला.
माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं.

डुलुथमध्ये फेब्रुवारीत गाडी तापायला वेळ लागतो.
तेवढ्यात पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला.
पहाटे पाच वीस ते दुपारी तीन: धरा दहा.
मंगळवारी, गुरुवारी शाळेच्या फरशा पुसायला जाते: तीन.
ते आठात नव्हतं, कारण ते रोज नसतं.
रात्री साडेनऊ ते पावणेपाच: सात.
रात्र तर मी कधी धरलीच नव्हती.
रात्री सगळेच झोपतात, हे माझं म्हणणं.
चोवीसातून वीस गेले.
उरले चार, त्यातला एक मी फोनवर असते.

मागच्या सीटवर ऑटो काचेला नाक लावून
सरोवरावरचा बर्फ बघत होता.
एवढं मोठं काही दिसलं की तो भुंकत नाही.
त्याच्या श्वासानं काच धुरकटायची,
तो जरा सरकून दुसरी जागा शोधायचा.

खाली राहणाऱ्या मिस्टर ओडेगार्डना
कचऱ्याची गाडी कधी येते यापलीकडे
मी दोन वर्षांत काही विचारलेलं नव्हतं.
त्या संध्याकाळी किल्ली घेऊन गेले.
"माझा खुबा बदललाय," ते म्हणाले, "फिरवायला जमणार नाही.
अकराला वर येईन. दार उघडेन. रेडिओ घेऊन बसेन."
किल्ली खिशात टाकली, आणि मग:
"मला ऐकू येतं गं. वर्षभर येतंय.
म्हटलं, आपण कोण बोलणारे."

म्हणजे फ्रिज एकटा नव्हता.

रात्री मी क्रेटचं दार उघडं ठेवलं.
ऑटो आपणहून आत गेला,
दोनदा गोल फिरून बसला,
आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.
झोपेना. दिवा मालवला तरी डोळे तसेच.
शेवटी एक वाजता उठले,
कडी हवेतच सरकवली, टक्,
आणि दार होतं तसं उघडं सोडलं.
त्यानं सुस्कारा टाकून मोज्यावर मान ठेवली.

मी जागी होते.
पुढे कधीतरी त्याच्या नखांचा आवाज आला,
स्वयंपाकघर, खिडकी, पुन्हा स्वयंपाकघर.
पहाटे चौकटीवर दोन नवे ओरखडे होते,
फार खोल नाहीत.
बोट फिरवून पाहिलं.

घरमालक एक तारखेला येतो.